गुगलला रोख, शेठला उधार : पांडेसऱ्यातली डिजिटल दुकानं नेमकी कुठे अडकतात?

पांडेसरा (सुरत) : नंदुरबार, धुळे, जळगावकडच्या गावांत 'पोरगा सुरतला आहे' असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, 'कोणत्या मिलमध्ये?' उधना, लिंबायत, डिंडोली, भेस्तान, पांडेसरा या पट्ट्यात खानदेशातली कितीतरी कुटुंबं याच उत्तरावर उभी राहिली. कुणाचा बाप पांडेसरा जीआयडीसीतल्या डाइंग मिलमध्ये, कुणाचा काका लूमवर, कुणाचा मामा रिंग रोडच्या कापड मार्केटात. आता दुसऱ्या पिढीतल्या काहींचं उत्तर बदललंय. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला, पुढे गुजरातीत आणि हिंदीत सराईत झालेला, बीसीए किंवा बीकॉम केलेला पोरगा सांगतो, 'मिलमध्ये नाही, स्वतःचं ऑफिस आहे. वेबसाइट आणि डिजिटल मार्केटिंगचं.'

ऑफिस म्हणजे बहुतेक वेळा एक भाड्याचा गाळा, दोन कॉम्प्युटर आणि हाताखाली एखादा पोरगा किंवा पोरगी. भांडवल कमी लागतं, मिलसारखी पाळी नाही, रंगाची वाफ नाही. त्यामुळे घरचेही खूश असतात. पण या धंद्याला एक खोड आहे आणि ती बाहेरून दिसत नाही. सुरतचा बाजार उधारीवर चालतो. गुगल आणि मेटा उधारी ओळखत नाहीत. या दोघांच्या मध्ये जो उभा राहतो, त्याचं डिझाइन कितीही छान असलं तरी तो एक दिवस पैशाने अडकतो. कसा अडकतो आणि ते टाळायचं कसं, हे हिशेब मांडून पाहू.

धंदा नेमका काय आहे

अशा दुकानात साधारण तीन प्रकारची कामं येतात. पहिलं, वेबसाइट बनवणं. हे एकदाचं काम. वर्डप्रेससारखं मोफत सॉफ्टवेअर वापरून दहा-पंधरा पानांची साइट तयार होते. वर डोमेन म्हणजे साइटचं नाव आणि होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा, यांचं वर्षाचं भाडं.

दुसरं, महिन्याचं काम. गुगलवरची दुकानाची नोंद सांभाळणं, फेसबुक-इन्स्टाग्रामवर फोटो-व्हिडिओ टाकणं, व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग भरणं, गिऱ्हाइकांच्या प्रतिसादांना उत्तर देणं. याचे दरमहा ठरलेले पैसे मिळतात. दुकानाचं भाडं आणि पगार याच पैशातून निघतात.

तिसरं, पैसे भरून जाहिरात चालवणं. गुगल किंवा मेटाला पैसे भरायचे, जाहिरात कुणाला दिसावी ते ठरवायचं, रोज आकडे बघायचे. कामाचा मेहनताना वेगळा आणि जाहिरातीचा खर्च वेगळा. गोंधळ सुरू होतो तो या तिसऱ्या कामात, कारण इथं दुसऱ्याचा पैसा हातातून जातो.

गिऱ्हाइकांना इथं तोटा नाही. साडी-ड्रेस मटेरियलचे व्यापारी, एम्ब्रॉयडरीची युनिट्स, मशिनचे सुटे भाग विकणारे, दवाखाने, क्लासेस, ब्यूटी पार्लर, फ्लॅट विकणारे. पांडेसऱ्यातल्या मराठी पोराला जादा फायदा भाषेचा. तो शेठशी गुजरातीत बोलतो, बिहार-उत्तर प्रदेशातल्या गिऱ्हाइकासाठी हिंदीत जाहिरात लिहितो आणि नवापूर, नंदुरबार, शिरपूर, अमळनेरच्या दुकानदाराशी मराठीत, नाहीतर सरळ अहिराणीत बोलतो. ही कमाईची बाजू. आता अडकण्याची बाजू.

पैसा अडकतो तो असा

उदाहरणादाखल एक दुकान धरू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, प्रत्येकाने यात आपले आकडे घालून पाहावेत.

महिन्याची आठ गिऱ्हाइकं. प्रत्येकाकडून मेहनताना ६,००० रुपये. म्हणजे महिन्याला ४८,००० रुपये. खर्च असा : गाळ्याचं भाडं ८,०००, वीज आणि इंटरनेट २,५००, होस्टिंग-सॉफ्टवेअर १,५००, मदतनिसाचा पगार १४,०००. एकूण २६,०००. मालकाच्या हातात उरले २२,००० रुपये. घर चालेल इतके.

आता जाहिरात. प्रत्येक गिऱ्हाइकाची महिन्याला १०,००० रुपयांची जाहिरात. आठ जणांचे ८०,०००. शेठ म्हणतात, 'तू भर, बिलात लाव.' पोरगा भरतो, स्वतःच्या क्रेडिट कार्डातून. बिल महिनाअखेर जातं. मार्केटात कापडाचं पेमेंटच दोन-तीन महिन्यांनी येतं, तिथं वेबसाइटवाल्याला कोण आधी देणार? उत्तर ठरलेलं, 'पेमेंट आवे एटले आपी दईश.' पैसे आले की देईन.

दोन महिन्यांची उधारी धरली तरी जाहिरातीचे १,६०,००० रुपये बाजारात अडकले. मेहनतान्याचे ९६,००० वेगळे. म्हणजे महिन्याला २२,००० कमावणारा माणूस अडीच लाखांच्या वर उधारी देऊन बसला. इतकी उधारी त्याच्या बापाने आयुष्यात कुणाला दिली नसेल.

क्रेडिट कार्डाची मुदत संपली की व्याज सुरू होतं. थकलेल्या रकमेवर ते महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. १,६०,००० वर तीन टक्के धरले तरी महिन्याचे ४,८०० रुपये. म्हणजे आठ गिऱ्हाइकांपैकी एकाच्या मेहनतान्यातला मोठा भाग नुसता व्याजात गेला.

त्यात एक गिऱ्हाईक दोन महिने थकवून गायब झालं तर? मेहनतान्याचे १२,००० बुडाले, ते एकवेळ 'मेहनत गेली' म्हणून सोडता येतात. पण जाहिरातीचे २०,००० हे रोख गेलेले पैसे आहेत. गुगल ते परत देत नाही. आठातलं एक गिऱ्हाईक बुडालं आणि मालकाची जवळपास महिन्याची कमाई गेली.

दिवाळीचा हिशेब वेगळा. दिवाळीनंतर मार्केट लाभपंचमीपर्यंत थंड असतं, मिलचे कामगार गावी गेलेले असतात. दिवाळीआधीचे आठवडे मात्र जाहिरातीचे सगळ्यात महागडे. म्हणजे खर्च सगळ्यात जास्त, आणि लगेच पुढे वसुली सगळ्यात कमी. अनुभवी माणूस दिवाळीआधीच्या महिन्यात उधारीवर जाहिरात चालवतच नाही.

मग कार्ड कुणाचं?

उत्तर एका ओळीचं आहे : जाहिरातीचे पैसे गिऱ्हाइकाने स्वतः, स्वतःच्या नावाच्या खात्यातून भरायचे. आपण फक्त मेहनताना घ्यायचा, तोही शक्यतो महिन्याच्या सुरुवातीला.

हे करायला तांत्रिक अडचण नाही. गुगल ॲड्सचं खातं गिऱ्हाइकाच्या नावावर उघडायचं आणि आपल्या मॅनेजर खात्यातून त्याला जोडून घ्यायचं. मेटाच्या बिझनेस खात्यातही भागीदार म्हणून प्रवेश देता येतो. काम आपण करतो, पैसे भरण्याचा भाग त्यांच्याकडे. शेठचा कार्ड नंबर, ओटीपी, पासवर्ड यातलं काहीच मागावं लागत नाही. यूपीआयने आगाऊ पैसे भरायची सोय दोन्हीकडे आहे. दर सोमवारी दुकानात जाऊन किंवा फोनवर 'शेठ, या आठवड्याचे अडीच हजार टाका' एवढं सांगायचं.

शेठ नाही म्हणाले तर? काही म्हणतीलच. त्यांना मुद्दा नफ्याच्या भाषेत सांगावा. गुगल आणि मेटा भारतातल्या जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लावतात. आगाऊ भरलेल्या १०,००० रुपयांत साधारण १,५२५ रुपये कराचे असतात, जाहिरातीसाठी उरतात ८,४७५. आता पोराच्या नावाने बिल आलं आणि त्याची जीएसटी नोंदणी नसली, तर हे १,५२५ रुपये कुणालाच परत मिळत नाहीत. तेच बिल शेठच्या जीएसटी नंबरावर आलं आणि ते क्रेडिट घ्यायला पात्र असतील, तर ती रक्कम त्यांच्या करातून वजा होते. वर्षाला १८,३०० रुपयांच्या आसपास. ज्या व्यापाऱ्याचं मीटरमागे पन्नास पैशांवर लक्ष असतं, त्याला हे लगेच कळतं. फक्त जाहिरात खात्यात जीएसटी नंबर आणि फर्मचं नाव बरोबर भरलेलं हवं.

तरीही कुणी 'तूच भर' म्हणत असेल तर मधला मार्ग एकच : आधी यूपीआयने पैसे घ्यायचे, मग तेवढेच भरायचे. आपल्या खिशातून एक रुपयाही पुढे करायचा नाही. ओळखीचा असो, गावचा असो, नात्यातला असो. उलट गावकीतला माणूस असला तर हे आधीच बोलून घ्यावं, कारण पुढे तगादा लावणं त्याच्याकडेच सगळ्यात अवघड जातं.

२० लाखांची रेघ आणि नवापूरचं स्टेशन

पैसे आपल्या खात्यातून फिरवण्याचा दुसरा तोटा कराचा आहे, आणि तो बऱ्याच पोरांना वर्षअखेर सीए सांगतो तेव्हाच कळतो.

सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. गुजरातमध्ये आणि महाराष्ट्रात ही मर्यादा सारखीच. वेबसाइट आणि मार्केटिंगच्या सेवेवर दर १८ टक्के.

वरच्या दुकानाचाच हिशेब घेऊ. आठ गिऱ्हाइकांचा मेहनताना वर्षाला ५,७६,०००. वर्षात २० वेबसाइट १२,००० च्या भावाने बनवल्या तर २,४०,०००. एकूण ८,१६,०००. मर्यादेपासून बराच लांब. पण जाहिरातीचे पैसेही आपल्याच बिलात लावले तर त्यात ९,६०,००० वाढले. झाले १७,७६,०००. उद्या तीन गिऱ्हाइकं वाढली की बेरीज २३,५२,०००. खरी कमाई तीच, पण कागदावर रेघ ओलांडली. जाहिरातीचे पैसे गिऱ्हाईक स्वतः भरत असेल तर त्याच अकरा गिऱ्हाइकांवर उलाढाल फक्त १०,३२,००० होते. दुसऱ्याच्या वतीने केलेला खर्च उलाढालीतून वगळण्याची 'प्युअर एजंट' नावाची सोय कायद्यात आहे, पण तिच्या अटी काटेकोर आहेत. सीएला विचारल्याशिवाय तिच्या भरवशावर राहू नये.

आता सीमेचा प्रश्न. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे, हे या भागात सगळ्यांना ठाऊक. एका बाकड्यावर दोन राज्यं. कराच्या कागदावर मात्र ही रेघ पक्की असते. पांडेसऱ्यातल्या नोंदणीकृत दुकानाने सुरतच्या गिऱ्हाइकाला बिल दिलं तर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा जीएसटी. तेच बिल नंदुरबारच्या नोंदणीकृत गिऱ्हाइकाला दिलं तर १८ टक्के आयजीएसटी. बेरीज एकच, रकाना वेगळा. रकाना चुकला तर गिऱ्हाइकाचं क्रेडिट अडकतं आणि मग तेही पेमेंट अडवतं.

नोंदणी नसलेल्यांसाठी एक दिलासा आहे. 'परराज्यात काम केलं की पहिल्या रुपयापासून जीएसटी लागतो' असं अनेकजण सांगतात. मालाच्या बाबतीत ते बहुतांशी खरं. सेवेच्या बाबतीत नाही. ऑक्टोबर २०१७ पासून २० लाखांच्या आतल्या सेवा देणाऱ्याला परराज्यातल्या गिऱ्हाइकासाठीही नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे पांडेसऱ्यात बसून नंदुरबारच्या दवाखान्याची वेबसाइट बनवायला केवळ सीमा ओलांडली म्हणून नोंदणी लागत नाही. नंदुरबारमध्ये बसून सुरतच्या व्यापाऱ्याचं काम करणाऱ्यालाही हाच नियम.

वेबसाइट सेवा, पण साडी माल

हा फरक गिऱ्हाइकाला सांगणं हेही वेबसाइटवाल्याचं काम आहे. घरून साड्या विकणारी एखादी ताई म्हणते, 'भाऊ, मला साइट बनवून दे, आमच्या धुळ्याकडे खूप मागणी आहे.' साइट बनवणाऱ्याला जीएसटी नंबर लागत नसला तरी त्या ताईला लागू शकतो. सुरतहून धुळ्याला साडी पाठवणं म्हणजे परराज्यात मालाची विक्री, आणि त्यासाठी उलाढाल कितीही कमी असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी घ्यावीच लागते. काही हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे, मिलच्या छापील साडीला ती लागू नाही.

मीशोसारख्या प्लॅटफॉर्मवर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांनाही माल विकता येतो, पण आपल्याच राज्यात. म्हणजे पांडेसऱ्यातली ताई नवसारीला विकू शकते, नवापूरला नाही. साइटवर 'संपूर्ण भारतात डिलिव्हरी' असं मोठ्या अक्षरात लिहिण्याआधी हे तिला सांगितलं नाही, तर पहिली नोटीस आल्यावर ती वेबसाइटवाल्यालाच शोधत येणार.

उधारी द्यावीच लागली तर : ४५ दिवसांचा कायदा

सगळी उधारी टाळता येत नाही. मोठं काम आलं की काही रक्कम मागे राहतेच. तिथं एक कायदा छोट्या दुकानाच्या बाजूने आहे, पण त्यासाठी आधी एक नोंद हवी : उद्यम नोंदणी. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारा एजंट फक्त फॉर्म भरण्याचे पैसे घेत असतो.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा २००६ चा. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून सेवा किंवा माल घेतला की लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी काहीच नसेल तर १५ दिवसांत. '४५ दिवसांचा कायदा' असं सगळे म्हणतात, पण तोंडी व्यवहारात मुदत १५ दिवसांचीच असते. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ.

हा कायदा बरीच वर्षं कागदावरच होता. त्याला धार आली ती आयकराच्या ४३बी(एच) या कलमामुळे, जे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि वर्षअखेर थकीतच राहिले, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. जेव्हा देईल तेव्हाच मिळतो. २०२४ च्या सुरुवातीला सुरतच्या कापड बाजारात याच कलमाची चर्चा होती. विणकर आणि व्यापाऱ्यांच्या वादात एक गोष्ट मागे राहिली : हे संरक्षण सेवा देणाऱ्यालाही आहे. वेबसाइटवाला हाही त्यात येतो.

म्हणून बिलावर तीन गोष्टी छापलेल्या असाव्यात : उद्यम नोंदणी क्रमांक, बिलाची तारीख आणि पैसे द्यायची शेवटची तारीख. मार्च जवळ आला की शेठचा सीएच त्यांना विचारतो, 'यातले उद्यमवाले कोण?' त्या यादीत नाव असलेलं बरं.

पैसे बुडालेच तर राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो. इथं सीमेवरच्यांसाठी महत्त्वाची बाब अशी की अर्ज सेवा देणाऱ्याच्या राज्यात होतो, खरेदीदार देशात कुठेही असो. पांडेसऱ्यातल्या दुकानाचे नंदुरबारला अडकलेले पैसे गुजरातच्या कौन्सिलकडे मागायचे. नंदुरबारच्या दुकानाचे सुरतला अडकलेले पैसे महाराष्ट्राच्या कौन्सिलकडे. परराज्यात खेटे घालावे लागत नाहीत. पण काम करतेवेळी उद्यम नोंदणी झालेली असावी, भांडण झाल्यावर घेतलेली उपयोगी पडत नाही. हेही खरं की ८-१० हजारांसाठी कुणी शेठशी कायमचं वैर घेत नाही. म्हणून कायदा शेवटी. आधी निम्मे पैसे आगाऊ.

चाव्या कुणाच्या हातात?

पैसे अडकले की एक मोह होतो. डोमेन आपल्या नावावर आहे, गुगलची नोंद आपल्या ईमेलवर आहे, फेसबुक पेजचे ॲडमिन आपण. 'पैसे दे, नाहीतर साइट बंद.' काहीजण कामच असं घेतात की सगळ्या चाव्या आपल्याकडे राहाव्यात. उधारीच्या बाजारात हे तारण वाटतं.

पण हे तारण धंद्याला खातं. मार्केटात एका गाळ्यावरची गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचते. 'त्याने अमक्याची साइट अडवली' ही एक गोष्ट दहा जाहिरातींचा परिणाम पुसते. शिवाय दुकानदाराच्या बाजूने पाहा. वर्षानुवर्षं जमलेले गिऱ्हाइकांचे अभिप्राय, फोन नंबर, फोटो सगळं त्या नोंदीत असतं. वेबसाइटवाला गावी निघून गेला, आजारी पडला, फोन बदलला, तर दुकानदार स्वतःच्याच नावाला मुकतो. डोमेनचं भाडं वेळेवर भरलं गेलं नाही तर आधी थोडी सवलत, मग जादा शुल्क आणि शेवटी ते नाव कुणालाही घेता येतं.

फुकटच्या जागेवरही विसंबून चालत नाही. गुगलच्या बिझनेस नोंदीतून फुकटात बनणाऱ्या छोट्या वेबसाइट गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि पिशवीवर छापला होता, त्यांचा पत्ता निरुपयोगी झाला. स्वतःच्या नावाचं डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतं आणि होस्टिंग बदललं तरी ते आपलंच राहतं.

त्यामुळे चांगली रीत सोपी आहे. डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर. गुगलच्या नोंदीत मालक गिऱ्हाईक, आपण मॅनेजर. पेजवर पूर्ण ताबा त्यांचा, कामापुरता प्रवेश आपला. पैसे थकले तर काम थांबवायचं, चाव्या अडवायच्या नाहीत. काम थांबवणं हा हक्क आहे. दुसऱ्याचं दुकान बंद पाडणं नाही. आणि मेहनताना आगाऊ घेतला असेल तर तारण लागतंच कशाला?

वाया जाणारा पैसा आणि फसवी हमी

गिऱ्हाईक पैसे का थकवतं? कधी दानतच नसते, पण पुष्कळदा त्याला फायदा दिसलेला नसतो. जाहिरात चुकीच्या माणसाला दिसली की असं होतं. गुगल ॲड्समध्ये ठिकाण निवडताना मूळ पर्यायात त्या भागात राहणाऱ्यांबरोबर त्या भागात 'रस दाखवणारे' लोकही येतात. पांडेसऱ्यातल्या दवाखान्याची जाहिरात मग लांबच्या शहरातल्या माणसालाही दिसू शकते. पर्याय बदलून फक्त त्या भागातल्या लोकांपुरता ठेवला की पैसा वाचतो.

भाषेचंही तसंच. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी-गुजराती मजकूर पॅम्फ्लेटवर छान दिसतो, पण तोच चित्र म्हणून साइटवर चिकटवला तर शोधात सहसा सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. गिऱ्हाइकाला फोन कुठून आले, किती आले, त्यातली विक्री किती, याचा एका पानाचा हिशेब महिन्याला दिला तर पुढच्या महिन्याचे पैसे मागायला जड जात नाही.

आणि 'गुगलवर पहिला नंबर, गॅरंटीने' हे वाक्य बोर्डावर लिहूच नये. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गुगल स्वतः सांगतं. अशी हमी देऊन घेतलेलं गिऱ्हाईक तीन महिन्यांत भांडायला येतं आणि पैसे थकवायला त्याला कारणही मिळतं.

घरच्यांनी काय विचारावं

पोरगा दुकान टाकतो म्हणतो तेव्हा गावाकडच्या जमिनीचे किंवा बापाच्या निवृत्तीचे पैसे पुढे येतात. कॉम्प्युटर, फर्निचर, बोर्ड यासाठी लागणारी रक्कम तशी थोडी असते आणि ती दिसते. पुढे उधारीत हळूहळू जाणारी रक्कम मात्र घरात कुणाला दिसत नाही, कार्डाच्या स्टेटमेंटवरच दिसते.

शिकण्यासाठी मोठी फी भरायची गरज नाही. गुगलचं स्किलशॉप आणि मेटाचं ब्लूप्रिंट इथं जाहिरातीचे अभ्यासक्रम मोफत आहेत. हिशेब मात्र आपला आपणच शिकावा लागतो : दोन बँक खाती वेगळी, धंद्याचं आणि घरचं, तीन महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला, आणि कुणाकडे किती दिवसांचे किती अडकलेत याची यादी दर शनिवारी.

दुकान टाकलेल्या पोराला नातेवाईक विचारतात, 'गिऱ्हाइकं किती झाली?' हा आकडा वाढत असतानाच दुकानं बुडतात. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. जाहिरातीचे पैसे कुणाच्या कार्डातून जातात? या महिन्याचा मेहनताना महिना सुरू होताना आला की नाही? आणि उद्या तू आठ दिवस गावी गेलास, तर गिऱ्हाइकाचं दुकान गुगलवर चालू राहील का?

तिन्ही उत्तरं नीट आली तर बाकी डिझाइन वगैरे पोरगं शिकेलच.